सातवा रकाना

वादी कबीरला, टायरवाल्यांच्या ओळीत
शेवटून तिसरं आमचं दुकान.
पाटीवर नाव अरबाबचं, खल्फान अल रवाही,
आणि आत, फॅनबेल्टांच्या झुंबराखाली
एकवीस वर्षं मी.

रविवारी सरकारकडून एक मुलगी आली. शैमा.
अबायाच्या बाहीला आमच्या गल्लीची धूळ,
हातात टॅबलेट.
म्हणाली, छोट्या दुकानांसाठी योजना आहे,
अर्धा खर्च सरकारचा, अर्धा तुमचा.
कुठला माल कधी संपेल ते यंत्र आधी सांगेल,
रात्री-अपरात्री फोन घेईल,
अरबी, उर्दू, मल्याळम.
मी म्हटलं, मराठी?
तिने बोट फिरवलं,
आणि दुकानात कुणीतरी मला ‘नमस्कार’ म्हणालं,
बातम्या देतात तसं, इस्त्री केलेलं.
आमच्या खेडात असं कुणी बोलत नाही.
तरी मी उत्तर दिलं. सवय.

मग तीन आठवडे मी त्याला भरवलं.
नंबर, माप, साल, खोकं कुठल्या फळीवर.
निझवाचा म्हातारा ‘खजुराच्या बीएवढं ते’ म्हणतो
तेव्हा त्याला व्हॉल्व्हचं सील हवं असतं.
‘शीळ घालतंय’ म्हणजे बेल्ट.
नकली फिल्टर कसा ओळखता, त्याने विचारलं.
हाताला कळतं, मी म्हटलं.
त्याने तोच प्रश्न
पुन्हा विचारला, अदबीने.

उधारीची वही मी देणार नव्हतो.
देवनागरीत आहे, कुणाला लागणार नाही, वाटलेलं.
त्याने फोटोवरून घडाघडा वाचली.
हाफिध, टॅक्सीवाला, चौदा रियाल सहाशे बैसा,
नावावर आडवी रेघ.
‘ही रेघ म्हणजे पैसे मिळाले का?’ शैमाने विचारलं.
रेघ मारली त्या दिवशी
हाफिधचा मुलगा डायलिसिसला बसला होता.
हो, मी म्हटलं, मिळाले.
अशा अकरा रेघा होत्या.
यंत्राला तेवढं एकच खोटं मी शिकवलं,
ते त्याने खऱ्यासारखंच पाठ केलं.

शेवटी अर्ज.
सातवा रकाना: महिन्याला वाचणारे कामाचे तास.
शैमाने मोठ्याने वाचलं.
खल्फानने माझ्याकडे पाहिलं,
मी पंख्याकडे.
फॉर्म नेहमी मीच भरतो, त्याला चष्मा सापडत नाही.
एकशे चाळीस, मी लिहिलं.
माझा महिना दोनशे साठचा.
हात थरथरला वगैरे नाही.
शून्य जरा पुसट आलं, एवढंच.
‘कमी लिही, मुनाफ,’ खल्फान म्हणाला,
‘मोठा आकडा पाहून सरकारसुद्धा घाबरतं.’
शैमा हसली.
मी नव्वद केले.
पन्नास तास असे परत मिळाले मला,
एका विनोदात.

परवा रात्री अडीचला इब्राजवळून फोन आलेला,
ट्रक बंद, ड्रायव्हर रडकुंडीला.
सकाळी मी रेकॉर्ड ऐकलं.
यंत्र त्याला सांगत होतं,
‘आधी इंजिन थंड होऊ दे, मग बोलू.
तोवर पाणी पी. तू.’
ते ‘तू’ माझं आहे.
म्हणजे वडिलांचं, दाभोळच्या लाँचवरचं.
ते बॉयलरला कमी आणि खलाशांनाच जास्त सांगायचे.
मी ते कधी शिकवलं यंत्राला?
शिकवलं नाही. बोलता बोलता गेलं असणार,
बाहीला धूळ लागते तसं.

अनुदानाचा पहिला हप्ता आला.
मार्चमध्ये माझा व्हिसा संपतो.
खल्फानने काउंटरला नवी खुर्ची आणली आहे, फिरती.
कुणासाठी, ते त्याने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
दुपारी दुकान बंद असताना बसून पाहिलं.
पाय पोचत नाहीत.
खाली कुठेतरी एक दांडी असते
उंची कमी करायची.
ती शोधतोय.